मऊ केलेलं वाक्य

नोव्हेंबर लागला की इथे अमेरिकेत, आमच्या रेडमंडला, पाऊस राहायलाच येतो. गडगडाट नाही, गाजावाजा नाही. बारीक, चिवट, सकाळी आठला जसा तसाच दुपारी चारला. पावणेपाचला अंधार पडतो. ओल्या जॅकेटांचा वास घरभर फिरतो, दाराशी चिखलाचे बूट साचतात, आणि ड्रायरमधून काढलेले कपडेसुद्धा उगाच दमट वाटतात. इथली माणसं या दिवसांना कंटाळतात, व्हिटॅमिनच्या गोळ्या खातात, हवाई बेटांची तिकिटं काढतात. मी मात्र या दिवसांची वाट बघते. हा माझा सिनेमाचा हंगाम असतो, आणि सिनेमा म्हणजे जर्मन सिनेमा.

“जर्मनच का?” हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की आता मी उत्तर देत नाही. यंदा तो आईनंही विचारला. आई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आली आहे, आणि नेमकं यंदाच लायब्ररीनं मला सहा वर्षांपूर्वीचा तो सिनेमा पुन्हा दाखवायला सांगितलं. त्या सिनेमात एक वाक्य आहे. ते मी एकदा चुकीचं म्हटलं, एकदा बरोबर म्हटलं, आणि बरोबर म्हटलं म्हणून आई माझ्याशी तीन आठवडे बोलली नव्हती. आता तेच वाक्य ती समोर बसलेली असताना म्हणायचं होतं. आठवडाभर मी ते टाळायची कारणं शोधत होते, हे कबूल करते.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात मी रागावलेली बाई होते. पुण्यात मी दहा वर्षं जर्मन शिकवलं होतं. सकाळी सातची बॅच, संध्याकाळी सहाची बॅच, मध्ये भाषांतराची कामं. नवऱ्याला इथे नोकरी मिळाली आणि त्याच्या व्हिसाला जोडलेल्या माझ्या व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती. मंदार सकाळी गाडी काढून ऑफिसला जायचा, मुलगी पिवळ्या बसमध्ये चढायची, आणि मी खिडकीशी उभी राहून पाऊस बघायचे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी विचारलं, “मग तू काय करतेस, घरीच का?” मी “घरीच” म्हटलं आणि घरी येऊन जर्मन शब्दकोश कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. दिसायला नको म्हणून.

लायब्ररी चालत बारा मिनिटांवर. उबदार, फुकट, आणि कुणी काही विचारत नाही. आपल्याकडून मुलांकडे आलेले आजी-आजोबा तिथे दुपारभर बसलेले असतात, अंगात सुनेनं दिलेलं जाड जॅकेट, डोक्याला कानटोपी, खिशात पिशवीतला चिवडा. त्या नोव्हेंबरात तिथे शनिवारी दुपारी नवे जर्मन सिनेमे दाखवायला सुरुवात झाली. मी गेले ती भाषा कानावर पडावी म्हणून. अंधार झाला, पडद्यावर पहिलं वाक्य उमटलं आणि मला रडूच फुटलं. वाक्य साधं होतं, एक बाई विचारत होती की दूध संपलं का.

माझ्या शेजारी तारामावशी बसल्या होत्या. तेव्हा मला नाव माहीत नव्हतं. जांभळी शाल, पायात नातवाचे स्पोर्ट शूज, आणि पडद्यावर रोखलेले डोळे. इंग्रजीत खाली येणारी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. दहा मिनिटांनी त्यांनी माझ्या दंडाला बोट लावून विचारलं, “काय म्हणाला गं तो?” मी कानाशी सांगितलं. पुन्हा बोट, पुन्हा सांगितलं. अर्ध्या तासात मी सलग बोलत होते. पुढच्या शनिवारी आमच्या मागे चार म्हाताऱ्या येऊन बसल्या, त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी सहा जण. पुढच्या रांगेतल्या एका गोऱ्या गृहस्थांनी वळून वळून बघायला सुरुवात केली. त्यांचंही बरोबरच होतं. मग लायब्ररीतल्या बाईंनी स्वतःहून तोडगा काढला. मोठ्या खोलीतला खेळ संपला की छोट्या खोलीत दुसरा खेळ लावायचा, आवाज थोडा कमी, आणि मी बाजूला खुर्ची टाकून मराठीत बोलायचं.

असा माझा धंदा सुरू झाला, बिनपगारी. सिनेमा आधी तीनदा बघायचा. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा वही घेऊन, तिसऱ्यांदा मोठ्यानं बोलत. नट बोलायला लागला की अर्ध्या श्वासानंतर आपण बोलायचं आणि त्याच्या आधी संपवायचं, म्हणजे त्याच्या आवाजाची शेपटी ऐकू येते. अभिनय करायचा नाही. रडायचं काम तिचं, आपलं काम शब्द पोचवायचं. छोट्या दिव्याखाली वही, घशाला खडीसाखर. शब्दकोश त्याच आठवड्यात फळीवरून खाली आला.

आणि काय सिनेमे असायचे! गाणी नाहीत, मारामाऱ्या नाहीत. माणसं पाव खातात, खिडकीबाहेर बघतात, आणि मग एक जण असं काही बोलतो की जेवणाच्या टेबलावर कुणाचा काटा-चमचा हलत नाही. एकात बर्लिनमध्ये जन्मलेली, तुर्की आजोबांची नात होती. तिला जो तो विचारायचा, तू मूळची कुठली. तिनं “इथलीच” म्हटलं की पुढचा प्रश्न, “ते झालं, पण खरी कुठली?” आमच्या खोलीतले आजोबा खो-खो हसले, कारण त्यांच्या नातवंडांना शाळेत हेच विचारतात. मग कुणीतरी म्हणालं, आपणही विचारतोच की. नवीन मराठी माणूस भेटला की आधी आडनाव, मग गाव, मग “म्हणजे तुम्ही नक्की कुठले?” हसणं जरा खाली आलं.

दुसऱ्या एकात पूर्वीच्या पूर्व जर्मनीतला एक निवृत्त शिक्षक जुन्या सरकारनं ठेवलेली आपली फाइल वाचायला जातो आणि त्याला कळतं की त्याच्या चुगल्या त्याचा भाऊच करत होता. तो घरी येतो, भावाला फोन करतो आणि हवापाण्याबद्दल बोलतो. नुसतं हवापाणी, चार मिनिटं. आमच्यातले कुळकर्णी आजोबा उठून चिडून म्हणाले, की विचारत का नाही हा गाढव. मी म्हटलं, आजोबा, तुम्ही विचारलं असतं? ते खाली बसले आणि त्यांनी चिवड्याची पिशवी उघडली.

मला या सिनेमांचा हाच ताठा आवडायचा. आपल्याच घरच्यांना समोर बसवून विचारायचं, काय केलंत, काय बघितलंत, कुठे मान फिरवलीत. मी त्या देशाची आरती ओवाळत नाही. तिथेही विचारायला पिढ्या गेल्या आणि तिथेही पुष्कळांना हे ऐकायचा कंटाळा आहे. सिनेमातच कुणीतरी भाऊ किंवा मेहुणा हमखास म्हणतो, पुरे झालं आता, किती दिवस तेच ते. पण तरी पुढच्या वर्षी कुणीतरी नवा सिनेमा घेऊन येतो आणि पुन्हा आजीच्या स्वयंपाकघरात शिरतो. घरचं सगळं चव्हाट्यावर मांडतात हे लोक, असं आमच्याकडच्या एक आजी नाक मुरडून म्हणाल्या. पण एकही शनिवार त्यांनी चुकवला नाही.

तो सिनेमा आला डिसेंबरात. ताटल्यांचा. एक तरुण मुलगी आजीचं घर आवरायला जाते. आजीला वृद्धाश्रमात हलवायचं आहे. कपाटात चिनीमातीच्या सुंदर ताटल्यांचा संच सापडतो, निळी किनार, आणि प्रत्येक ताटलीमागे दोन अक्षरं, जी आजीच्या नावाची नाहीत. हळूहळू कळतं की समोरच्या घरातलं ज्यू कुटुंब एका सकाळी उचलून नेलं गेलं आणि आठवड्याभरात त्यांच्या घरातलं सामान चौकात लिलावात विकलं गेलं. आजीच्या आईनं ताटल्या घेतल्या. सत्तर वर्षं त्यांत सणाचं जेवण वाढलं गेलं. नात विचारते, आजी म्हणते, आम्हाला काय माहीत, मी लहान होते. आणि नात ताटली टेबलावर ठेवून म्हणते, “तुला माहीत होतं. तू खिडकीतून बघत होतीस.”

हे वाक्य मी वहीत असंच लिहिलं होतं. पण त्या शनिवारी समोर अठरा पांढरी डोकी होती. कुणाच्या हातात काठी, कुणी झोपेच्या काठावर. ते वाक्य आलं आणि माझ्या तोंडून निघालं, “आजी, तुम्हाला कदाचित कल्पना नसेल. तुम्ही तेव्हा लहान होतात.” मी ते ठरवून केलं नाही. मोठ्यांशी असं बोलायचं नसतं, हे लहानपणापासून अंगात इतकं मुरलेलं की जीभ आपली आपणच वळली. जर्मन मुलीनं आरोप केला आणि मराठी मुलीनं तो मोडून आजीला पाट दिला.

कुणाला काही कळलं नाही. सगळ्यांना सिनेमा फार आवडला. तारामावशी तेवढ्या खुर्चीतच बसून राहिल्या. सगळे गेल्यावर मला म्हणाल्या, “ती पोरगी एवढं गोड नव्हती बोलत. तोंड बघितलंस का तिचं?”

मी काहीतरी सारवासारव करायला गेले, की भाषांतरात थोडं इकडेतिकडे होतं. त्यांनी मला बोलू दिलं नाही. पावसात आम्ही त्यांच्या बसच्या थांब्यापर्यंत चालत गेलो आणि तिथल्या काचेच्या आडोशाला उभं राहून त्यांनी मला सांगितलं. लातूरकडच्या गावात त्या लहानपणी आईबरोबर एका मोठ्या घरी शेण-गोठा करायला जायच्या. गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात एक कप. चहा वरून ओतला जायचा, हात लागू नये असा. प्यायचा, विसळायचा, पालथा घालून ठेवायचा. त्यांच्या आईनं आयुष्यात एवढाच चहा प्यायला. मुलगा शिकला, इंजिनीअर झाला, इथे आला. गावावरून घेतलेलं आडनाव असल्यानं इथे कुणाला पत्ता लागत नाही, आणि त्यानं आईला बजावून ठेवलंय की मंडळाच्या लोकांत गावाकडचं काही बोलायचं नाही. ऑफिसात त्याचा साहेबही मराठी आहे.

“मी कुणाला सांगणार नाही,” मी म्हटलं.

“ते तू सांगूच नकोस, ते माझं आहे,” त्या म्हणाल्या. “पण त्या पोरीचं तरी खरं सांग.”

त्यांची बस गेली. मी तिथेच उभी राहिले. माझं आजोळ कऱ्हाडजवळच्या एका गावात. आमच्याही गोठ्यात कोनाडा होता आणि कोनाड्यात कान तुटलेला कप होता. मी सात वर्षांची असताना त्यानं खेळायला गेले तर मामीनं तो हातातून काढून घेतला होता आणि मला आंघोळ घातली होती. मी विचारलं होतं कुणाचा आहे. “गड्याचा,” एवढंच उत्तर मिळालं. पुढे मला सगळं कळलं, कॉलेजात वाचलं, भाषणं ऐकली, टाळ्या वाजवल्या. पण तो कप आमचा होता, हे मी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. ते वाक्य मी म्हाताऱ्यांना वाचवायला मऊ केलं नव्हतं. स्वतःला वाचवायला केलं होतं.

जानेवारीत मंडळाचे अध्यक्ष शिरीषकाका घरी आले. मनानं चांगला माणूस, कुणाच्या घरी आजारपण असलं की पहिला डबा त्यांच्याकडचा असतो. त्यांच्या आईनं लायब्ररीत तो सिनेमा बघितला होता आणि त्यांना तो संक्रांतीच्या कार्यक्रमात हवा होता. मला फार आनंद झाला. मग ते म्हणाले, “मिनल, फक्त तू मागच्या वेळी केलंस ना, तसंच कर. आई सांगत होती, किती छान समजूतदारपणे बोलते ती नात. आणि नंतर डिस्कशन वगैरे नको यार. आपण इथे जातपात मानत नाही, उगाच कशाला तो विषय?”

मी चहाचा कप हातात घेऊन त्यांच्याकडे बघत राहिले. जातीचं नाव मी काढलंच नव्हतं. सिनेमात तर ते नव्हतंच. तिथे फक्त ताटल्या होत्या.

शाळेचा भाड्यानं घेतलेला हॉल, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली बाळं, तिळगुळाच्या वड्यांचे ट्रे. बाहेर पाऊस होताच. तारामावशी आठव्या रांगेत, शेजारी त्यांचा मुलगा, इस्त्रीचा कुर्ता घातलेला, सारखा मागेपुढे बघणारा. मी माइक घेऊन बाजूला बसले. नातीनं ताटली टेबलावर ठेवली आणि मी म्हटलं, “तुला माहीत होतं. तू खिडकीतून बघत होतीस.”

पुढच्या वाक्याला माइक बंद झाला. काही तांत्रिक अडचण असेल, असं नंतर सांगण्यात आलं. असेलही. मी दहा वर्षं पन्नास-पन्नास मुलांच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवलं आहे, मला माइक लागत नाही. मी उभी राहिले आणि उरलेली पंचवीस मिनिटं शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात बोलले. दिवे लागले. शिरीषकाका जेवणाची घोषणा करायला निघाले होते, त्यांच्या आधी मी बोलले. म्हटलं, माझ्या आजोळच्या गोठ्यात दलित गड्यासाठी वेगळा ठेवलेला कप होता. मी तो बघितला होता. मला माहीत होतं. आणखी कुणाकडे होता का?

एका बाळानं भोकाड पसरलं. मी तारामावशींकडे बघितलं नाही, मुद्दाम बघितलं नाही. त्यांनी का सांगावं? कपही त्यांनीच विसळला, आता साक्षही त्यांनीच द्यायची का? सांगायचं आमचं होतं. दोन मिनिटांनी माणसं जेवणाच्या टेबलांकडे वळली आणि गुळाच्या पोळीवर तूप कमी पडल्याची चर्चा सुरू झाली.

जाताना तारामावशींनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. “आज ती पोरगी बरोबर बोलली,” म्हणाल्या. त्यांच्या मुलानं माझी खुर्ची उचलून जागेवर नेऊन ठेवली.

मंडळानं मला पुन्हा बोलावलं नाही. नाही तर नाही. लायब्ररीतल्या छोट्या खोलीत सहा हिवाळे मी बोलते आहे. मध्ये मला कामाची परवानगी मिळाली, शाळेत जर्मन शिकवायची नोकरी लागली, तारामावशी गावी परतल्या. कुळकर्णी आजोबा गेले. खुर्च्यांवर नवे आजी-आजोबा येतात, तसंच जॅकेट, तसाच चिवडा. लोक म्हणतात, इतक्या लांब येऊन हे उकरून काय मिळतं? मला वाटतं, इतक्या लांब आलो म्हणूनच उकरता येतं. तिथे शेजारी ऐकेल ही भीती असते. इथे कसली भीती आहे, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आईपर्यंत ते संक्रांतीचं भाषण दोन दिवसांत पोचलं होतं, कुणाच्या तरी फोनमधून. तिनं एकच विचारलं, “माझ्या माहेराचं नाव घालवून तुला तिथे काय मिळालं?” आणि मग तीन आठवडे अबोला. नंतर आम्ही पुन्हा बोलायला लागलो, भाजीचं, गुडघ्यांचं, हवापाण्याचं. मुख्यतः हवापाण्याचं.

परवाच्या शनिवारी ती माझ्याबरोबर आली. मी “नाही आलीस तरी चालेल” म्हटलं होतं. ती पहिल्या रांगेत बसली, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. वही माझ्यासमोर होती. पानावर ते वाक्य होतं आणि सहा फुटांवर माझी आई होती. नातीनं ताटली ठेवली. मी आईकडे बघत म्हटलं, “तुला माहीत होतं. तू खिडकीतून बघत होतीस.” शब्द जिथल्या तिथे राहिले. आईची मान हलली नाही.

नंतर गाडीत बसलो. मी इंजिन सुरू केलं, हीटर लावला. काचेवरचं धुकं विरेपर्यंत थांबावं लागतं. आई समोर बघत होती.

“धोंडिबा नाव होतं त्याचं,” ती म्हणाली. “ओढ्याला पाणी असलं की आम्ही शाळेला जाताना काठावर उभा राहायचा. आम्ही सगळ्या पार झालो की मग कामाला जायचा.”

मी हीटर थोडा वाढवला.

“मी ओतायचे त्याला चहा. वरून. नऊ वर्षांची असेन. कुणी शिकवलं नव्हतं, आईचं बघून येत होतं. एकदा हातावर सांडला त्याच्या, कढत. तो हसला, म्हणाला काही नाही झालं ताई. आणि मी आत पळाले.” तिनं पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. “माहीत होतं मला.”

काच स्वच्छ झाली होती. तू लहान होतीस गं, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते म्हटलं नाही.